वजन कमी करण्याचा इतिहास : लंडनच्या बँटिंगपासून पुण्याच्या बाळांपर्यंत

"डॉक्टर, वजन कमी करायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?"

हा प्रश्न मला दवाखान्यात जवळजवळ रोज विचारला जातो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझ्याकडे त्याचं नीट उत्तर नव्हतं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या लिहून झाल्या की कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहीत असे, "वजन कमी करा". एकदा एका बाईंनी जुने सगळे कागद माझ्या टेबलावर मांडले आणि शांतपणे म्हणाल्या, "सहा वर्षं तुम्ही हे लिहून देताय. कसं करायचं ते मात्र एकदाही लिहिलं नाहीत." त्या सहा वर्षांत त्यांनी तीन वेळा वजन कमी केलं होतं आणि तिन्ही वेळा ते परत आलं होतं, वर थोडं व्याज घेऊन. "माझ्यातच काहीतरी खोट आहे," असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खोट त्यांच्यात नव्हती. वजन कमी करण्याच्या खटपटीला मोठा इतिहास आहे. त्या बाईंनी केलेली प्रत्येक चूक त्यांच्या आधी कोणीतरी केली आहे आणि त्यातून काय शिकायचं तेही कोणीतरी लिहून ठेवलं आहे. आजच्या लेखात तो इतिहास थोडक्यात पाहू. तुम्ही येत्या सोमवारपासून काही सुरू करणार असाल, तर त्याआधी हे वाचा.

चरकांचा सल्ला

आपल्याकडे स्थूलपणाचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचं सविस्तर वर्णन आहे. कारणांमध्ये अति खाणं, जड आणि गोड पदार्थ, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं हे तर येतंच, पण 'बीजस्वभाव', म्हणजे आईवडिलांकडून आलेली प्रवृत्तीही येते. काही जणांचं वजन सहज वाढतं आणि त्यात त्यांच्या आळसाचा दोष नसतो, हे त्या काळीही माहीत होतं.

उपचारातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली अशी की स्थूल माणसाला पचायला जड, पण पोषण कमी करणारं अन्न द्यावं. आजच्या भाषेत सांगायचं तर पोट भरेल पण उष्मांक कमी मिळतील असं. जव, मूग, कुळीथ यांची नावं तिथे येतात. दुसरी अशी की व्यायाम वगैरे जे काही वाढवायचं ते क्रमाक्रमाने वाढवावं. "उद्यापासून रोज दहा किलोमीटर" असं तिथे कुठेही नाही.

तराजूत बसून जेवणारा डॉक्टर

इटलीतल्या पादुआ इथे सांतोरिओ सांतोरिओ नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी एक खुर्ची मोठ्या तराजूला टांगली आणि वर्षानुवर्षं तिच्यात बसून स्वतःचं वजन, पोटात गेलेलं अन्नपाणी आणि बाहेर पडलेलं मलमूत्र यांचा हिशोब ठेवला. १६१४ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं की आत जाणाऱ्याचं वजन बाहेर पडताना दिसणाऱ्यापेक्षा बरंच जास्त आहे. उरलेलं न दिसता शरीरातून निघून जातं.

हे न दिसणारं म्हणजे काय, ते पुढे कळलं. शरीरातली चरबी वापरली जाते तेव्हा तिचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांत होतं. त्यातला बहुतेक भाग श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून घाम गाळणारे पट्टे, प्लास्टिकचे जाकीट, वाफेच्या पेट्या यांनी चरबी "वितळत" नाही. काट्यावर जो फरक दिसतो तो पाण्याचा असतो आणि दोन ग्लास पाणी प्यायलं की तो भरून निघतो.

बँटिंग : पहिला प्रसिद्ध 'डाएट'वाला

आता १८६२ सालच्या लंडनमध्ये या. विल्यम बँटिंग हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा नावाजलेला व्यावसायिक. राजघराण्यातले अंत्यविधी त्याच्या घराण्याकडे असत. (इन्शुलिनच्या शोधाशी नाव जोडलेले फ्रेडरिक बँटिंग ते वेगळे.) वय ६६, उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून तो जिना उलटा, पाठमोरा उतरत असे.

त्याने काय काय केलं नव्हतं! पहाटे उठून नाव वल्हवली. त्याने दंड मजबूत झाले, पण भूकही सपाटून वाढली आणि वजन उलट चढलं. औषधी झऱ्यांचं पाणी प्यायला, तुर्की स्नानं घेतली. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या सर्जनकडे गेला. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांची यकृत आणि साखर यांविषयीची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितले. मांस, मासे, भाज्या, थोडा कोरडा टोस्ट एवढं ठेवलं.

वर्षभरात बँटिंगचं वजन ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरलं. तो इतका हरखला की १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एक छोटं पत्रक छापून फुकट वाटलं. मागणी एवढी वाढली की पुढे ते विकावं लागलं. 'बँटिंग करणे' म्हणजे वजन उतरवणे असा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळला. स्वीडिश भाषेत 'बांता' हे क्रियापद आजही त्याच अर्थाने वापरतात. बँटिंग वयाची ऐंशी वर्षं ओलांडून १८७८ मध्ये वारला.

लोकांनी त्याच्याकडून पदार्थांची यादी तेवढी उचलली. पण हिशोब करून पाहा. ५२ आठवड्यांत २१ किलो म्हणजे आठवड्याला जेमतेम ४०० ग्रॅम. दहा दिवसांत पाच किलो नव्हे! त्याने उपासमार केली नाही, दिवसातून चार वेळा तो जेवत-खात होता. वजनाची नोंद ठेवत होता. आणि जे सोडलं त्यात साखर, बिअर, लोणी लावलेला टोस्ट असे भरमसाट उष्मांक देणारे पदार्थ होते. यशाचं मर्म या साध्या गोष्टींत होतं. तो दुपारच्या जेवणासोबत दोनतीन पेले वाइनही घेत असे. ती मात्र त्याच्या पत्रकातून उचलू नका.

अन्नाला आकडा मिळाला

१८९० च्या दशकात अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एका बंदिस्त खोलीत माणूस ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, हे आकडे त्यांच्याच कामातून आले. आज बिस्किटाच्या पुड्यावर जो तक्ता असतो त्याचा पाया हाच.

१९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी हा हिशोब घराघरांत नेला. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असं त्या वाचकांना शिकवत. त्यांचं पुस्तक प्रचंड खपलं.

हिशोब उपयोगी आहेच. एक उदाहरण घ्या. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप चहा. एक चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी. यातून पोट मुळीच भरत नाही. पण हिशोबाने एक नुकसानही केलं. वजन हा नुसता बेरीज-वजाबाकीचा मामला आहे, आणि ज्याला जमत नाही तो अधाशी किंवा खोटारडा, अशी समजूत पसरली. शरीर इतकं निमूटपणे वजाबाकी करू देत नाही, हे कळायला आणखी पाव शतक जावं लागलं.

झटपट गोळ्यांचं काय झालं?

१९३३ मध्ये डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवणारं औषध म्हणून अमेरिकेत आलं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत या रसायनाशी संबंध आलेले फ्रेंच कामगार बारीक झाले होते, तिथून ही माहिती मिळाली होती. वजन खरंच उतरत होतं. पण काहींना मोतीबिंदू झाले, काहींचं अंग भट्टीसारखं तापून मृत्यू झाला. काही वर्षांतच ते बंद करावं लागलं. आजही इंटरनेटवरून ते चोरून विकलं जातं आणि आजही माणसं त्याने दगावतात.

त्यानंतर अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या आल्या, त्यांचं व्यसन लागलं. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून मागे घेतलं गेलं. २०१० मध्ये सिबुट्रामिन युरोप-अमेरिकेच्या बाजारातून हटलं, कारण हृदयविकाराचा धोका. म्हणून "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" असं सांगून बिननावाची पावडर कोणी देत असेल तर घेऊ नका. तिच्यात नक्की काय घातलंय ते तुम्हालाही कळत नाही आणि मलाही.

छत्तीस तरुण आणि भूक

आता या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. त्या बाईंना मी हाच सांगितला होता.

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा कसं खायला घालायचं हे डॉक्टरांना नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण निवडले. हे तरुण तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार देणारे होते आणि या प्रयोगात स्वखुशीने आले होते. पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर जेवण मिळालं. पुढचे २४ आठवडे रोज सुमारे १,५७० किलोकॅलरी. बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर चालणं.

१,५७० हा आकडा पुन्हा वाचा. आज मोबाइलवर फिरणारे कित्येक आहारतक्ते यापेक्षाही कमीचे असतात.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. त्याबरोबर आणखी बरंच काही झालं. त्यांना सतत थंडी वाजू लागली. नाडी मंदावली. शरीराने स्वतःचा खर्च कापला होता. माणसं चिडचिडी, उदास झाली. जेवणाशिवाय डोक्यात दुसरा विषय उरला नाही. कधी स्वयंपाकघरात न गेलेले तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटं चाटू लागले, अन्नात पाणी घालून ते पुरवून पुरवून खाऊ लागले. आणि प्रयोग संपल्यावर, पोटभर मिळू लागल्यावरही, त्यांची भूक शमेना. काही जण एका दिवसात अफाट खात आणि तरी उपाशीच असल्यासारखं वाटतं म्हणत. वजन परत आलं तेव्हा आधी चरबी आली, पूर्वीपेक्षाही जास्त. स्नायू मागाहून भरले.

हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांचं सगळंच्या सगळं तुम्हाला लागू होत नाही. पण दिशा तीच असते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होतं.

म्हणजे कडक उपासमारीनंतर रात्री अकरा वाजता फ्रिज उघडणारा माणूस लोचट नसतो. लाखो वर्षं दुष्काळ पाहिलेलं शरीर त्याच्याकडून ते करून घेत असतं. तुमचं वजन यापूर्वी परत आलं असेल, तर स्वतःला अपराधी समजणं आजपासून थांबवा. बदलायची आहे ती पद्धत.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

मग व्यायामाचं काय? मुंबईतली बेस्टची दुमजली बस तुम्हाला आठवत असेल. लंडनमध्येही तशाच बस होत्या. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा, दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. नोकरी एकच, गाडी एकच, फरक हालचालीचा.

तीन वर्षांनी मॉरिस यांनीच एक गमतीदार गोष्ट तपासली. कंपनीच्या शिंप्याकडे गणवेशाची मापं होती. ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली, आणि ती अगदी तरुण वयापासूनच मोठी होती. म्हणजे दोघांत आधीपासूनच थोडा फरक असावा. चांगला संशोधक स्वतःच्या निष्कर्षालाही असं चिमटा काढून पाहतो. पुढच्या अनेक अभ्यासांतून हालचालीचा फायदा पक्का झाला. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. बँटिंगच्या वल्हवण्यासारखंच, नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही. तो हृदय, साखर, झोप आणि मन सांभाळतो, आणि उतरलेलं वजन परत चढू देत नाही. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका.

थोडंसं वजन, मोठा फायदा

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न बदलला. बारीक कसं व्हायचं, याऐवजी आजार टाळायला किती वजन कमी करणं पुरेसं आहे, असं विचारलं जाऊ लागलं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटाला लक्ष्य दिलं, वजन ७ टक्क्यांनी कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. सोबत वारंवार भेट घेऊन मार्गदर्शन करणारी व्यक्ती दिली. या गटाचं वजन सरासरी साडेपाच किलोंच्या आसपासच कमी झालं. पण मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं.

भारतातही असा अभ्यास झाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेल्या अभ्यासात आहार आणि चालणं यांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. हा निष्कर्ष २००६ चा. महत्त्वाची गोष्ट म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काट्याने शाबासकी दिली नाही, तरी शरीराला फायदा पोचला होता.

पुण्याची बाळं

मोजायचं काय, याचाही इतिहास आहे. बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडलं की प्रौढ माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. १९७२ मध्ये, मिनेसोटावाल्या त्याच कीज यांनी या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र युरोपातल्या माणसांच्या मोजमापांतून आलेलं. आपल्याला ते जसंच्या तसं चालतं का?

त्याचं उत्तर पुण्यातून आलं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याची बाळं लहानखुरी, हातपाय बारीक, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळ ही कल्पना इथून जगभर गेली.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच माप देत होता, शरीरं मात्र वेगळी होती.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोंना आपण २३ वर पोचतो आणि ६४ ला २५ वर. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, सहज श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका, टेपला फसवून काही मिळत नाही.

मग कोणता आहार बरा?

आपल्याकडे दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, यावरून घराघरांत तट पडले आहेत. भात सोडावा का, तूप घ्यावं का, हेही आलंच. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना दोन गटांत वाटून वर्षभर कमी स्निग्ध आणि कमी कर्बोदकांचा आहार दिला. २०१८ मध्ये निकाल आला तो असा, एका गटाचं सरासरी ५.३ किलो कमी, दुसऱ्याचं ६.० किलो. म्हणजे जवळपास बरोबरी. पण प्रत्येक गटात कोणी खूप उतरलं होतं, तर कोणाचं वजन चक्क वाढलं होतं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करायला, भाज्या वाढवायला सांगितलं होतं, हे विसरू नका.

माझा निष्कर्ष असा की जो आहार तुम्ही दोन वर्षांनीही आनंदाने घ्याल, तोच तुमचा. शेजारणीला काय लागू पडलं, ते तिच्यापुरतं.

अलीकडे आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरल्याचा अभ्यास २०२१ मध्ये आला. ही औषधं आता भारतातही मिळतात आणि काही रुग्णांना त्यांची खरोखर गरज असते. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसलं. इंजेक्शन घेतलं तरी खालची सुरुवात चुकत नाही.

सुरुवात अशी करा

१. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, भूक होती की कंटाळा. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन. महिन्यातून एकदा कंबर.

२. लक्ष्य लहान ठेवा. सहा महिन्यांत ५ ते ७ टक्के. वजन ८० किलो असेल तर ४ ते साडेपाच किलो. आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त घाई नको.

३. आधी पेयांतली साखर आणि पुड्यातलं खाणं पाहा. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. फरसाणाचा डबा डोळ्यांसमोरून हलवा.

४. ताट बदलू नका, ताटातली वाटणी बदला. अर्धं ताट कोशिंबीर आणि भाजी, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे, पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. चरकांचे मूग-कुळीथ आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. उपवास असेल तर साबुदाणा खिचडी आणि वेफर्सचा हिशोबही लिहा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही.

५. जेवणानंतर दहा मिनिटं चाला. मग क्रमाक्रमाने आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, एवढ्यापासून सुरुवात चालेल.

६. झोप भरपूर घ्या. जागरणाने भूक वाढते.

७. दिवाळी येणार, लग्नं येणार, आजारपणही येणार. एक दिवस बिघडला तर पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्या. पुढच्या सोमवारची वाट पाहू नका.

आधी डॉक्टरांना भेटा, जर तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल (आहार कमी केल्यावर साखर एकदम उतरू शकते), रक्तदाबाची औषधं चालू असतील, गर्भवती असाल किंवा बाळाला पाजत असाल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, किंवा काही न करता वजन आपोआप घटत असेल. खाण्यावरून सतत अपराधी वाटत असेल, खाल्लेलं ओकून काढावंसं वाटत असेल, तर तेही न लाजता सांगा. त्यावरही उपचार आहेत.

त्या बाईंना मी पुढच्या भेटीत "वजन कमी करा" लिहिलं नाही. "चहा : एक चमचा साखर. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. महिन्याने भेटा," असं लिहिलं. महिन्याने त्या आल्या तेव्हा वजन सहाशे ग्रॅम कमी होतं आणि त्या जरा नाराज होत्या. मी त्यांना बँटिंगची गोष्ट सांगितली. दीड वर्षात पाच किलो उतरले. मध्ये भाच्याच्या लग्नात दीड किलो परत आले होते, ते पुन्हा गेले. त्या आजही सडपातळ नाहीत. साखरेची एक गोळी मात्र आम्ही कमी केली आहे, आणि आपल्यात खोट आहे असं त्या आता म्हणत नाहीत.

तुमची पहिली ओळ कोणती असेल ते आज रात्री एका कागदावर लिहा. एकच. पुढच्या भेटीला येताना तो कागद सोबत आणा.